व्होल्टेज आणि करंटवरून रोध आणि शक्ती कशी काढायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, घरी सर्किट जोडून बघणारे हौशी आणि वायरिंगची कामं करणारे यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सूत्रं दोनच आहेत आणि ती बहुतेकांना पाठ असतात. गडबड होते ती सूत्रात घातलेल्या आकड्यांची. व्होल्टेज एका ठिकाणी मोजलेलं असतं, करंट दुसऱ्याच ठिकाणचा असतो, नाहीतर दोन्ही वेगवेगळ्या वेळचे असतात. त्यामुळे खालच्या बऱ्याच उत्तरांत "हे व्होल्टेज नेमकं कुठल्या दोन टोकांमधलं?" ही विचारणा पुन्हा पुन्हा येईल. पुस्तकात व्होल्टेजला विभवांतर आणि करंटला विद्युतधारा म्हटलेलं असतं. इथे रोजच्या वापरातले शब्द ठेवले आहेत.

१. व्होल्टेज आणि करंट माहीत आहे. रोध आणि शक्ती कशी काढू?

रोध = व्होल्टेज ÷ करंट. उत्तर ओहममध्ये येतं.
शक्ती = व्होल्टेज × करंट. उत्तर वॅटमध्ये येतं.

समजा एखाद्या भागाच्या दोन टोकांमध्ये १२ व्होल्ट आहेत आणि त्यातून २ अँपिअर करंट वाहतोय. रोध १२ ÷ २ = ६ ओहम, शक्ती १२ × २ = २४ वॅट. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल ऊर्जा, म्हणजे हा भाग दर सेकंदाला २४ ज्यूल ऊर्जा घेतोय.

अट एकच: व्होल्टेज आणि करंट एकाच भागाचे, एकाच वेळचे हवेत. सर्किटमध्ये तीन रेझिस्टर ओळीने जोडलेले असतील आणि तुम्ही सप्लायच्या १२ व्होल्टना करंटने भागलंत, तर तिघांचा मिळून रोध येईल, मधल्या एकाचा नाही. मधल्याचा हवा असेल तर त्याच्याच दोन पायांवर व्होल्टेज मोजा.

२. मिलीअँपिअर आणि किलोओहममध्ये गोंधळ उडतो. काही सोपी युक्ती?

आहे. व्होल्टला मिलीअँपिअरने भागलं की उत्तर थेट किलोओहममध्ये येतं, आणि व्होल्ट गुणिले मिलीअँपिअर केलं की मिलीवॅटमध्ये. ९ व्होल्ट आणि ३ मिलीअँपिअर असतील तर ३ किलोओहम आणि २७ मिलीवॅट. इलेक्ट्रॉनिक्सच्या बहुतेक कामांत एवढ्यावर भागतं.

एककात चूक झाली की उत्तर सहसा हजारपटीने चुकतं, म्हणून ती लगेच पकडता येते. बोटभर रेझिस्टरसाठी २७ वॅट आले तर गणित पुन्हा करा. एवढ्या वॅटचं सोल्डरिंग आयर्न असतं.

३. शक्तीची तीन सूत्रं दिसतात. कुठलं कधी वापरायचं?

मूळ सूत्र एकच: व्होल्टेज × करंट. रोध स्थिर असेल, तर त्यात व्होल्टेजच्या जागी "करंट × रोध" घातलं की करंटचा वर्ग × रोध मिळतं, आणि करंटच्या जागी "व्होल्टेज ÷ रोध" घातलं की व्होल्टेजचा वर्ग ÷ रोध. जे दोन आकडे हातात आहेत त्यांचं सूत्र घ्या. वर्ग करताना मात्र आधी मिलीचं साध्या एककात रूपांतर करा. २० मिलीअँपिअरचा वर्ग ०.०२ × ०.०२ = ०.०००४ होतो आणि तिथे हमखास एखादं शून्य गळतं.

४. एका सूत्राने रोध वाढला की शक्ती वाढते, दुसऱ्याने कमी होते. खरं कुठलं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो पडला म्हणजे तुम्ही सूत्रं नीट वाचता आहात.

दोन्ही खरी आहेत. रोध बदलताना बाकी काय कायम ठेवलंय, ते बघायचं. सप्लायला समांतर जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला व्होल्टेज तेच मिळतं, म्हणून तिथे व्होल्टेजचा वर्ग ÷ रोध बघा: रोध कमी तर शक्ती जास्त. एकसरीत, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या सगळ्या भागांतून करंट तोच जातो, म्हणून तिथे करंटचा वर्ग × रोध बघा: रोध जास्त तर शक्ती जास्त.

२३० व्होल्टचे दोन जुन्या प्रकारचे, तार तापून उजेड देणारे बल्ब घ्या, एक १०० वॅटचा आणि एक ४० वॅटचा. त्यांचे रोध अनुक्रमे ५२९ आणि १३२२.५ ओहम. वेगवेगळे लावले तर १०० वाला जास्त उजळ, यात नवल नाही. आता दोघे एकामागे एक जोडून २३० व्होल्टवर लावा. एकूण रोध १८५१.५ ओहम, करंट साधारण ०.१२४ अँपिअर. १०० वॅटच्या बल्बला मिळतात सुमारे ८ वॅट आणि ४० वॅटच्याला सुमारे २० वॅट. उजळ दिसतो तो ४० वॅटचा! प्रत्यक्षात दोन्ही तारा कमी तापल्यामुळे त्यांचे रोधही कमी असतात (कारण प्रश्न ६ मध्ये), त्यामुळे आकडे थोडे हलतील, पण क्रम हाच राहील. शक्य असेल तिथे हा प्रयोग शिक्षकांनी वर्गात स्वतः करून दाखवावा. सूत्र दहा वेळा लिहून जे डोक्यात शिरत नाही, ते हे दोन बल्ब बघितले की एकदम पटतं.

५. मल्टिमीटरने व्होल्टेज आणि करंट दोन्ही कसं मोजायचं?

व्होल्टेज मोजताना मीटर त्या भागाच्या दोन टोकांवर, समांतर. करंट मोजताना सर्किट एका जागी तोडून मीटर मध्ये घालायचा, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जाईल. रोध मोजताना सप्लाय बंद आणि त्या भागाचं निदान एक टोक सर्किटपासून सुटं. नाहीतर आजूबाजूच्या भागांचा रोधही मोजला जातो.

मीटर खराब होण्याचं नेहमीचं कारण लाल वायर. करंट मोजण्यासाठी ती "अँपिअर"च्या भोकात घातलेली असते. काम झाल्यावर माणूस गोल बटण व्होल्टवर फिरवतो, पण वायर तिथेच राहते. त्या भोकामागचा रोध जवळजवळ शून्य असतो. तसंच प्रोब बॅटरीच्या दोन टोकांना लावले की सरळ शॉर्टसर्किट. नशीब चांगलं असेल तर आतला फ्यूज उडतो. म्हणून करंट मोजून झाला की आधी वायर व्होल्टच्या भोकात परत आणा, मगच बटणाला हात लावा.

मेनलाइनचा करंट मोजायला तार तोडू नका, क्लॅम्प मीटर वापरा. तोही एकाच तारेभोवती अडकवायचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही जबड्यात आले तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात आणि मीटर शून्य दाखवतो.

६. ६० वॅटच्या बल्बचा रोध गणिताने ८८२ ओहम येतो, मीटर मात्र साठ-सत्तरच दाखवतो. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. मीटर थंड तारेचा रोध मोजतो, गणित तापलेल्या तारेचा देतं. बल्बमधली तार टंगस्टनची असते आणि पेटल्यावर सुमारे २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. धातू तापला की त्याचा रोध वाढतो. टंगस्टनच्या बाबतीत एवढ्या तापमानाला तो दहापटीहून जास्त होतो. बटण दाबल्याच्या क्षणी तार थंड असल्यामुळे करंटही तितक्याच पटीने जास्त जातो, आणि असे बल्ब बहुधा लावतानाच का उडतात त्याचं हेही एक कारण.

हीटरमधल्या नायक्रोमच्या तारेत हा फरक फार थोडा असतो, म्हणून तिथे थंड रोधावरून केलेलं गणित बऱ्यापैकी जुळतं. एलईडी बल्बच्या दोन टोकांवर मात्र ओहम मोजण्यात अर्थच नाही, आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं (प्रश्न ८ आणि ९).

७. हीटरवर २३० व्होल्ट, २००० वॅट लिहिलंय. व्होल्टेज २०० झालं तर तो किती वॅट घेईल?

आधी छापील आकड्यांवरून रोध काढा: २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम. रोध तोच धरून २०० व्होल्टवर शक्ती २०० × २०० ÷ २६.४५, म्हणजे सुमारे १५१२ वॅट. व्होल्टेज १३ टक्क्यांनी उतरलं आणि शक्ती २४ टक्क्यांनी. पाणी तापायला वेळ का लागतो ते इथे दिसतं.

"व्होल्टेज कमी झालं की करंट वाढतो" असं छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतात. हीटरसाठी ते साफ चूक आहे. २३० व्होल्टवर तो ८.७ अँपिअर घेतो, २०० व्होल्टवर ७.५६. तसं घडणारी उपकरणं वेगळी.

८. मग व्होल्टेज कमी झाल्यावर करंट कुठल्या उपकरणात वाढतो?

लॅपटॉपचा चार्जर, बहुतेक चांगले एलईडी ड्रायव्हर, कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय: जिथे आतलं सर्किट "मला एवढी शक्ती हवीच" म्हणून ती खेचून घेतं, तिथे. ६० वॅट घेणारा एखादा डीसी कन्व्हर्टर २४ व्होल्टवर २.५ अँपिअर घेईल, आणि २० व्होल्टवर ३ अँपिअर. व्होल्टेज ÷ करंट काढलंत तर आधी ९.६ ओहम आणि नंतर ६.७. अशा उपकरणाचा एका व्होल्टेजवर काढलेला रोध दुसऱ्या व्होल्टेजसाठी वापरता येत नाही. शक्ती मात्र व्होल्टेज × करंट हीच राहते. पूर्ण लोडवर चालणाऱ्या मोटरवर व्होल्टेज उतरलं तर तिचाही करंट वाढू शकतो.

९. एलईडी आणि डायोडला ओहमचा नियम लागू पडतो का?

नाही. गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम सांगतो की तापमान वगैरे भौतिक स्थिती तीच असेल तर करंट व्होल्टेजच्या प्रमाणात बदलतो. धातूची तार तो पाळते, डायोड पाळत नाही. एखाद्या लाल एलईडीवर २० मिलीअँपिअरला २ व्होल्ट असतील, तर करंट निम्मा केल्यावर व्होल्टेज निम्मं होत नाही, जेमतेम १.९ पर्यंत उतरतं. भागाकार पहिल्या वेळी १०० ओहम देतो, दुसऱ्या वेळी १९०. भागाकार नेहमीच करता येतो, पण तो आकडा फक्त त्या एका बिंदूपुरता. छोट्या बदलाला तो भाग कसा प्रतिसाद देईल हे हवं असेल तर फरकाला फरकाने भागतात: ०.१ व्होल्ट ÷ ०.०१ अँपिअर = १० ओहम. याला गतिक रोध म्हणतात.

एलईडीच्या मागे लावायच्या रेझिस्टरचं गणित याच कारणाने चुकतं. १२ व्होल्टचा सप्लाय, २ व्होल्टचा एलईडी, करंट २० मिलीअँपिअर. पुष्कळजण १२ ÷ ०.०२ करून ६०० ओहम काढतात. पण रेझिस्टरच्या वाट्याला १२ व्होल्ट येतच नाहीत, १२ − २ = १० येतात. म्हणून १० ÷ ०.०२ = ५०० ओहम, आणि बाजारात मिळणाऱ्या किमतींपैकी ५१० किंवा ५६० घ्या. सप्लाय १२ ऐवजी ३ व्होल्टचा असेल तेव्हा ही चूक खरी नडते: हवेत ५० ओहम आणि गणित सांगतं १५०.

१०. डीसी मोटरचा रोध मीटरवर १ ओहम येतो, पण १२ व्होल्टवर ती १२ अँपिअर घेत नाही, दीडच घेते. का?

कारण फिरणारी मोटर त्याच वेळी जनित्रासारखंही वागते. फिरताना तिच्या वेटोळ्यांत उलट दिशेचं व्होल्टेज तयार होतं. त्याला विरोधी विद्युतगामक बल म्हणतात, कारखान्यात "बॅक ईएमएफ". आकडे मांडून बघा. १.५ अँपिअर १ ओहममधून जातात तेव्हा तारेत फक्त १.५ व्होल्ट खर्च होतात. उरलेले १०.५ व्होल्ट म्हणजे बॅक ईएमएफ.

आता शक्ती. मोटर घेते १२ × १.५ = १८ वॅट. तारेत उष्णता होते १.५ × १.५ × १ = २.२५ वॅट. बाकीचे १५.७५ वॅट फिरवण्यात जातात; त्यातले काही घर्षणात, उरलेले तुमच्या कामाला. इथे व्होल्टेज ÷ करंट करून ८ ओहम काढता येतात, पण मोटरमध्ये ८ ओहमची तार कुठेच नाही.

हे कळलं की मोटर का जळते तेही कळतं. दांडा हाताने धरून ठेवला किंवा काही अडकलं की फिरणं थांबतं, बॅक ईएमएफ शून्य होतं, आणि करंट खरोखरच १२ अँपिअरकडे जातो, सप्लाय तेवढा देऊ शकला तर. उष्णता २.२५ वॅटवरून १४४ वॅटवर, आणि तीही सगळी वेटोळ्यांत. वार्निश जळाल्याचा वास यायला वेळ लागत नाही.

११. एसीवर हीच सूत्रं चालतात का?

हीटर, इस्त्री, तारेचा बल्ब यांना चालतात, व्होल्टेज आणि करंट आरएमएस किमतीचे (म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसीच्या बरोबरीचे) असतील तर. मेनलाइनचे २३० व्होल्ट ही आरएमएस किंमतच आहे. लाटेचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं.

मोटर, पंखा, चोक यांत करंट व्होल्टेजच्या मागे पडतो. तिथे व्होल्टेज × करंट केलं की मिळतात व्होल्ट-अँपिअर, वॅट नाहीत. वॅटसाठी पॉवर फॅक्टरनेही (व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट किती ते सांगणारा आकडा) गुणावं लागतं. २३० व्होल्ट, २ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.७ असेल तर ४६० व्होल्ट-अँपिअर, पण ३२२ वॅट. भागाकार ११५ ओहम देतो, तो रोध नसून इम्पिडन्स, म्हणजे एसीला होणारा एकूण अडथळा असतो. थ्री-फेजला, तिन्ही फेजवर लोड सारखा असेल तर: १.७३२ × दोन फेजमधलं व्होल्टेज × लाइनचा करंट × पॉवर फॅक्टर.

१२. सेल १.५ व्होल्ट दाखवतो, लोड लावला की १.३. गणितात कुठला आकडा घ्यायचा?

लोडचा रोध किंवा शक्ती हवी असेल तर लोड चालू असतानाचा, म्हणजे १.३. करंट ०.५ अँपिअर असेल तर लोड २.६ ओहमचा आणि ०.६५ वॅट घेणारा. हरवलेले ०.२ व्होल्ट सेलच्या आत खर्च झाले: ०.२ ÷ ०.५ = ०.४ ओहम हा सेलचा अंतर्गत रोध, आणि त्यात ०.१ वॅट उष्णता. सेल जुना होत जातो तसा अंतर्गत रोध वाढतो. म्हणूनच सुटा मोजल्यावर ठीक दिसणारा सेल टॉर्चमध्ये घातल्यावर बसतो. सेल नेहमी लोडवर मोजावा.

१३. लांब वायरचा किंवा सैल जोडणीचा विचार गणितात करायचा का?

जरूर करायचा. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. उपकरण २० मीटरवर असेल तर जाण्या-येण्याची मिळून ४० मीटर तार, म्हणजे साधारण ०.४८ ओहम. १० अँपिअरला ४.८ व्होल्ट वाटेतच जातात. २३० व्होल्टमध्ये ते खपून जातात. १२ व्होल्टच्या सोलर किंवा गाडीच्या वायरिंगमध्ये तोच तोटा ४० टक्के होतो. कमी व्होल्टेजला जाड तार लागते ती यासाठी.

सैल जोडणी जास्त घातक. प्लगच्या पिनेपाशी अर्धा ओहम रोध तयार झाला आणि १० अँपिअर जात असले, तर १० × १० × ०.५ = ५० वॅट, तेही नखाएवढ्या जागेत. सॉकेट काळं पडतं, प्लास्टिक वितळतं. एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) मात्र पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो, उलट किंचित कमीच झालेला असतो. प्लग हाताला गरम लागला तर एमसीबीवर भरवसा ठेवून बसू नका. सप्लाय बंद करून ती जोडणी बघून घ्या.

१४. रेझिस्टरची किंमत बरोबर होती, तरी तो काळा पडला. असं का?

ओहम बघितले, वॅट बघायचे राहिले. १०० ओहमवर १२ व्होल्ट म्हणजे १.४४ वॅट, पाव वॅटचा रेझिस्टर ते झेलू शकत नाही. आलेल्या शक्तीच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्या, इथे ३ वॅटचा.

१५. वॅट आणि वीजबिलातलं युनिट एकच का?

नाही. वॅट म्हणजे ऊर्जा वापरण्याचा वेग, युनिट म्हणजे वापरलेली ऊर्जा. १००० वॅट एक तास चालले की एक युनिट, म्हणजे ३६ लाख ज्यूल. २००० वॅटचा हीटर दीड तास चालला तर ३ युनिट.

१६. काढलेलं उत्तर कितपत अचूक असतं?

गुणाकार असो वा भागाकार, टक्केवारीतल्या चुका जास्तीत जास्त बेरजेइतक्या होतात. व्होल्टेज १ टक्क्याने आणि करंट २ टक्क्यांनी इकडेतिकडे असेल तर रोध आणि शक्ती दोन्ही ३ टक्क्यांपर्यंत चुकू शकतात. म्हणून कॅल्क्युलेटरवर आलेले आठ अंक उतरवून घेऊ नका, तीन पुरेत.

टोकाच्या किमतींना मीटर स्वतःच आड येतो. साध्या डिजिटल मीटरचा व्होल्टेजवरचा रोध बहुधा १० मेगाओहम असतो. १ मेगाओहमच्या रेझिस्टरवर तो लावला की दोघांचा मिळून रोध ०.९१ मेगाओहमच राहतो. उलट अर्ध्या ओहमचा भाग मोजताना प्रोबच्या वायरींचाच रोध त्यात मिसळतो. तिथे ठरावीक करंट सोडायचा आणि दुसऱ्या दोन वायरींनी थेट त्या भागाच्या पायांवर व्होल्टेज मोजायचं. या चार वायरींच्या पद्धतीत करंट नेणाऱ्या वायरींमधली घट मोजमापात येत नाही.

१७. माझ्या शरीराचा रोध मीटरवर मोजून किती व्होल्टचा शॉक झेपेल ते काढता येईल का?

नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. मीटर जेमतेम काही व्होल्टवर मोजतो आणि कोरड्या त्वचेचा रोध दाखवतो, तो लाखो ओहमही असू शकतो. त्वचा ओली असली, पकड घट्ट असली किंवा व्होल्टेज जास्त असलं की तोच रोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० व्होल्टला मग २३० मिलीअँपिअर. माणसांच्या संरक्षणासाठी बसवलेले आरसीसीबी (करंटची गळती झाली की सप्लाय तोडणारे स्विच) ३० मिलीअँपिअरला तुटतील असे बनवतात, यावरून किती करंट धोक्याचा मानतात ते लक्षात येईल.

१८. करंट शून्य आला तर रोध किती? आणि व्होल्टेज शून्य आलं तर?

व्होल्टेज आहे आणि करंट शून्य, तर शून्याने भागता येत नाही. सर्किट तुटलेलं आहे किंवा करंट इतका कमी आहे की मीटरला दिसत नाही. वायरवरचं आवरण मोजताना नेमकं असंच होतं. तिथे मेगरने ५०० व्होल्टसारखं मोठं व्होल्टेज देऊन सूक्ष्म करंट मोजतात आणि उत्तर मेगाओहममध्ये घेतात.

करंट वाहतोय आणि व्होल्टेज शून्य, असं दिसलं तर बहुतेक वेळा रोध इतका थोडा असतो की मीटरची रेंज तिथवर पोहोचत नाही. जाड तारेच्या वीतभर तुकड्यावर हे सहज दिसेल. रेंज मिलीव्होल्टवर आणा, आकडा येईल. रोध खरोखरच शून्य होतो तो अतिवाहकांत. हाइके कामरलिंग ओनेस यांना १९११ साली ४.२ केल्व्हिनला पाऱ्यात तो पहिल्यांदा आढळला. आणि व्होल्टेज, करंट दोन्ही शून्य असतील तर भागाकारातून काहीच कळत नाही. सप्लाय चालू आहे का ते आधी बघा.